‘लो रिस्क’ लिहिलेलं कार्ड दर वेळी नव्याने वाचा : एएनसीत रिस्क नीट कशी बघायची

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एक पहिलटकरीण यायची एएनसीला (म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीला), वय २४, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि कार्डावर पहिल्याच व्हिजिटला कुणीतरी ‘लो रिस्क’ लिहून त्याला गोल केलेला. बाराव्या आठवड्यात बीपी १००/६०, तिसाव्यात ११८/७४. चौतिसाव्यात मी स्वतः घेतलं, १३६/८८ आलं. १४० च्या आत आहे ना, मग ठीक आहे, दोन आठवड्यांनी या ताई, असं म्हणून मी तिला पाठवून दिलं. पाचव्या दिवशी ती कॅज्युअल्टीत आली, डोकं फुटतंय, डोळ्यापुढे काजवे चमकतायत, बीपी १७०/११२. आई आणि बाळ दोघंही वाचले. पण नंतर मी कार्ड परत उघडून बघितलं तेव्हा तिन्ही आकडे एकाखाली एक नीट लिहिलेले होते, आणि मी त्यातला फक्त शेवटचा वाचला होता.

त्या दिवसापासून माझी एएनसी करायची पद्धत बदलली आणि तेच इथे लिहितेय. ओपीडीत बसणारे डॉक्टर, सिस्टर, मिडवाइफ यांच्यासाठी आहेच, पण जिची तपासणी होते तिनेही वाचावं, कारण आपल्याला काय विचारलं जायला हवं हे तिला माहीत असेल तर अर्धं काम तिथेच होतं.

आधी शिक्क्याबद्दल. खूप वर्षं असं चालायचं की पहिल्या व्हिजिटला एक शीट भरायची, वय, उंची, आधीची बाळंतपणं, सगळ्याचे मार्क मिळवायचे आणि बाईला हाय रिस्क किंवा लो रिस्क ठरवून टाकायचं. अडचण अशी झाली की ज्यांना खरंच कॉम्प्लिकेशन झालं त्यातल्या कितीतरी जणी लो रिस्कच्या ढिगातून निघाल्या, आणि हाय रिस्क म्हणून घाबरवलेल्या बहुतेकींचं बाळंतपण सुरळीत झालं. असं का होतं ते एका हिशोबात कळतं (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत). समजा १००० गरोदर बायका आहेत, त्यातल्या ५० जणींना पुढे एखादा त्रास होणार आहे. तुमची टेस्ट त्या ५० पैकी ४० जणींना पकडते, म्हणजे टेस्ट चांगली आहे, आणि उरलेल्या ९५० पैकी दहा टक्के म्हणजे ९५ जणींना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. एकूण पॉझिटिव्ह झाल्या १३५, त्यात खऱ्या ४०. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दहातल्या सात जणींना काहीच होणार नाहीये. आणि निगेटिव्ह आलेल्या ८६५ जणी ज्यांना आपण ‘काळजी नको’ म्हणून घरी पाठवलं, त्यात त्या दहा जणी आहेतच.

यातून मी दोन गोष्टी धरून ठेवल्या. हाय रिस्क म्हणजे जास्त लक्ष द्यायचं, बाईला धास्ती लावायची नाही. आणि लो रिस्क म्हणजे आज तरी काही दिसलं नाही, पुढच्या वेळी परत बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ चं मॉडेल चार व्हिजिटचं होतं, २०१६ मध्ये त्यांनी ते किमान आठ केलं: पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४०. शेवटच्या तीन महिन्यांत पाच व्हिजिट आहेत, कारण बीपी चढणं, बाळाची वाढ थांबणं हे बरंचसं तिथेच होतं.

तारीख आधी पक्की करा

तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं. बाळ लहान आहे का, कळा वेळेआधी आल्यात का, दिवस उलटून गेलेत का, सगळं त्या एका तारखेवर उभं असतं. पाळी नियमित होती का, मध्ये गोळ्या चालू होत्या का, अंगावर दूध पाजताना दिवस राहिले का हे विचारा, आणि चौदा आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी असेल तर बाळाच्या लांबीवरून काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची. एकदा ती ठरली की नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नाही. हे मी जोर देऊन सांगते कारण सर्रास होतं: बत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळ २९ आठवड्यांचं दिसतं, आणि कुणीतरी तारीखच तीन आठवडे पुढे ढकलतं. म्हणजे ज्या बाळाची वाढ खुंटलीय ते कागदावर नॉर्मल होऊन बसतं.

हिस्टरी: प्रश्न बदला, उत्तर बदलतं

“आधीच्या बाळंतपणात काही त्रास झाला होता का?” हा प्रश्न विचारला की उत्तर जवळपास ठरलेलं असतं: नाही. एका ताईंनी मला अगदी हसून सांगितलं की सगळं व्यवस्थित झालं. मग मी एकेक विचारत गेले.

“बाळ कितव्या महिन्यात झालं?”
“आठवा लागला होता.”
“वजन किती होतं?”
“दीड किलो. काचेच्या पेटीत ठेवलं होतं वीस दिवस. पण आता एकदम टुणटुणीत आहे, शाळेत जातो.”
“आठव्यातच का करावं लागलं?”
“माझं बीपी वाढलं होतं ना, म्हणून सिझर केलं.”

ती खोटं बोलत नव्हती. तिच्यासाठी त्रास म्हणजे बाळाला काहीतरी होणं, आणि बाळ छान होतं, मग त्रास कसला. म्हणून ‘त्रास’ हा शब्दच सोडून द्या आणि असं विचारा ज्याचं उत्तर आकड्यात किंवा घडलेल्या गोष्टीत येईल: कितवा महिना, वजन किती, बाळ पेटीत होतं का, रक्त चढवलं का, बीपीची गोळी किंवा झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं होतं का, वार (प्लॅसेंटा) हाताने काढावी लागली का, घरी जायला इतरांपेक्षा जास्त दिवस लागले का. जुना डिस्चार्ज कागद असेल तर पुढच्या वेळी आणायला सांगा, आणि खरंच आणला तर वाचा, फाईलला लावून मोकळं होऊ नका.

पोट पडणं, बाळ जाणं, आधी कधी केलेला गर्भपात, हे सगळं बाई एकटी असताना विचारायचं. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारलं तर तिला खरं सांगता येईलच असं नाही, कारण त्यांना माहीत नसू शकतं. घरात मारहाण होते का हेही तसंच, एकटीलाच, दार लावून. यासाठी वेगळी खोली नसेल तर वजन करायच्या किंवा लघवीचा नमुना द्यायच्या वेळी सिस्टरने दोन मिनिटं काढावीत, तेवढी पुरतात.

त्या हिस्टरीचं करायचं काय

वरच्या ताई तेव्हा तेराव्या आठवड्यात होत्या, आणि तीन वाक्यं जास्त बोलल्यामुळे त्यांना त्याच दिवशी ॲस्पिरिन सुरू झालं. रिस्क शोधायची ती काहीतरी करण्यासाठी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइनमध्ये हे फार सुटसुटीत दिलंय. आधीच्या गरोदरपणात बीपीचा आजार, किडनीचा जुना आजार, ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसारखा ऑटोइम्यून आजार, टाइप १ किंवा २ डायबेटीस, आधीपासूनचं बीपी, यातलं एक जरी असलं तरी ॲस्पिरिन. आणि पहिलीच खेप, वय ४० किंवा जास्त, आधीच्या बाळंतपणाला १० वर्षांहून जास्त झालेली, बीएमआय ३५ किंवा वर, आई-बहिणीला प्रीएक्लॅम्प्शिया (गरोदरपणात बीपी वाढून किडनी, लिव्हरवर परिणाम होतो तो आजार) झालेला, जुळं, यातली दोन असली तरी ॲस्पिरिन. डोस ७५ ते १५० मिलिग्रॅम, बाराव्या आठवड्यापासून. वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा, काहींना ॲस्पिरिन चालत नाही.

२०१७ मध्ये अस्प्री नावाची ट्रायल आली, त्यात हाय रिस्क निघालेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ पर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं तर ३७ आठवड्यांच्या आत बाळंत व्हावं लागेल असा प्रीएक्लॅम्प्शिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. त्या बायका निवडल्या होत्या हिस्टरी, सरासरी बीपी, गर्भपिशवीच्या रक्तवाहिनीचं डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि रक्तातली प्रोटीन्स सगळं एकत्र धरून. अशी एकत्र टेस्ट करायची सोय असेल तर नुसत्या चेकलिस्टपेक्षा ती बरीच जास्त पकडते. नसेल तर वरची यादी भिंतीवर लावा, आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास प्रत्येक कार्डाला ती लावून बघा. विसाव्या आठवड्यात आठवून तेवढा उपयोग नाही, वार रुजायचं काम तोपर्यंत बरंचसं होऊन गेलेलं असतं.

बीपी

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आणि सगळ्यात जास्त हयगय पण हिच्यातच होते.

गर्दीची ओपीडी डोळ्यासमोर आणा. बाई जिना चढून आली, नंबर पुकारला म्हणून घाईने आत शिरली, स्टुलावर बसली, पाठीला टेका नाही, पाय लोंबकळतायत, हात मांडीवर, कफ साडीच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळला आणि पंप मारत असताना आपण विचारतोय, “लोखंडाच्या गोळ्या घेता ना?” आता जो आकडा येईल त्यावर विश्वास ठेवायचा का? नाही ना, मग तो कार्डावर लिहू पण नका.

पाच मिनिटं शांत बसवा, वेटिंगमध्येच एक टेक असलेली खुर्ची त्यासाठी राखून ठेवता येते. पाठीला टेका, पाय जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नाही, दंड उघडा, हात टेबलावर म्हणजे कफ छातीच्या लेव्हलला. कुणीही बोलायचं नाही, तिनेही आणि आपणही. कफचं माप बघा, दंड जाड आणि कफ लहान असला की आकडा खोटा वाढतो, म्हणून मोठा कफ ओपीडीत असलाच पाहिजे, कपाटात कुलूपबंद नाही, टेबलावर. स्टेथोने घेत असाल तर खालचा आकडा आवाज पूर्ण बंद होतो तिथला. ऑटोमॅटिक मशीन असेल तर ते गरोदर बायकांत तपासून पास झालेलं हवं, कारण काही मशीन प्रीएक्लॅम्प्शियात बीपी खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. सगळे आकडे १२०, १३०, १४० असे शून्यात संपत असतील तर समजा की कुणीतरी अंदाजे लिहितंय, आणि त्याबद्दल रागावण्यापेक्षा त्या टेबलावर अजून एक माणूस द्या.

१४०/९० किंवा वर आलं तर परत घ्यायचं. वीस आठवड्यांनंतर असं दोनदा, निदान चार तासांच्या अंतराने आलं, की त्याला बीपीचा आजार म्हणायचा. पण १६०/११० असेल तर चार तास थांबायचं नाही, पंधरा मिनिटांत परत घ्या, तसंच असेल तर ॲडमिट आणि लगेच औषध. लघवीत प्रोटीन नाही म्हणून सोडून देऊ नका, प्लेटलेट पडलेल्या, लिव्हरचे रिपोर्ट वाढलेले, किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं, असह्य डोकेदुखी, नजरेत फरक, यावरून पण प्रीएक्लॅम्प्शिया ठरतो. आणि लघवीची पट्टी एक प्लस आली तर तिथेच न थांबता प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करा.

आता ट्रेंड. माझी जी चूक झाली ती इथली. कार्डावर बीपीचे आकडे ओळीने लिहिण्याऐवजी मी आता एक साधा ग्राफ काढते, आडव्या रेषेवर आठवडे, उभ्यावर बीपी, दर वेळी एक ठिपका. मधल्या महिन्यांत बीपी थोडं उतरतं आणि शेवटी परत आधीच्या जागी येतं हे नॉर्मल आहे. पण १००/६० पासून निघालेली रेघ १३६/८८ ला पोचते तेव्हा ती रेघ बघून कुणीच ‘दोन आठवड्यांनी या’ म्हणणार नाही. १४० ही निदानाची रेषा आहे, तिच्या खाली सगळं सुरक्षित असा तिचा अर्थ नाही. अशा बाईला मी दोन-तीन दिवसांत परत बोलावते, रक्त-लघवी करते, आणि काय झालं तर थेट यायचं ते तिला आणि घरच्यांना तोंडी सांगून वर लिहूनही देते.

बाकीचं, थोडक्यात

शुगर: नुसती उपाशीपोटी किंवा रँडम शुगर पुरत नाही, २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन टेस्ट करा. उपाशी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातला एक जरी आकडा गाठला तर जीडीएम, म्हणजे गरोदरपणातला डायबेटीस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली, आणि ७ च्या खाली गेलं तर गंभीर. गोळ्या दिल्या हे लिहून थांबू नका, चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन वाढलं का ते बघा, नसेल वाढलं तर ती घेतेय का, पोटात दुखतं म्हणून सोडल्यात का हे न रागावता विचारा. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटि-डी इंजेक्शनची तारीख आजच लिहून टाका.

आधी सिझर झालेलं असेल तर सोनोग्राफीत वार नेमकी कुठे आहे हे नाव घेऊन विचारा. वार खाली आहे आणि जुन्या टाक्यांवर आहे, तर ती गर्भपिशवीत रुतलेली असू शकते, आणि जितकी सिझर जास्त तितका हा धोका भरभर वाढतो. असं बाळंतपण कुठे करायचं, रक्त किती तयार ठेवायचं हे आधीच ठरवावं लागतं, रात्री दोन वाजता ब्लीडिंग सुरू झाल्यावर नाही.

पोट मोजणं आणि हालचाल

चोविसाव्या आठवड्यापासून टेपने पोटाची उंची मोजायची. लघवी करून यायला सांगा, उताणं झोपवा, गर्भपिशवीच्या टोकापासून खाली हाडापर्यंत, आणि टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवा, म्हणजे अपेक्षित आकडा डोक्यात ठेवून हात आपोआप तिथे जात नाही. मग ग्राफवर ठिपका. शक्यतो दर वेळी एकाच माणसाने मोजावं. वाढ सपाट झाली की सोनोग्राफी आणि डॉपलर.

बाळाच्या हालचालीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की नववा लागला की जागा कमी होते म्हणून बाळ कमी हलतं. नाही. हालचालीची पद्धत बदलेल, पण ती कमी होऊ नये. प्रत्येक बाळाची आपली एक सवय असते आणि ती फक्त आईला माहीत असते, म्हणून आकडा मोजत बसण्यापेक्षा “रोजच्यापेक्षा कमी वाटतंय का?” हा प्रश्न महत्त्वाचा. कमी वाटलं तर त्याच दिवशी यायचं, सकाळची वाट बघायची नाही, काहीतरी गोड खाऊन बघते असं पण नाही. आणि आली की तिला “उगाच घाबरलात” असं कधीही म्हणू नका, तेवढ्या एका वाक्याने पुढच्या वेळी ती घरीच बसेल.

मन

हे कार्डावर कुठेच नसतं म्हणून वेगळं लिहितेय. एडिनबरा स्केल म्हणून नैराश्य ओळखायला १९८७ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची यादी आहे, बाई वेटिंगमध्ये बसल्या बसल्या भरू शकते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे, त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून काहीही असलं तर एकूण मार्क न बघता त्याच दिवशी तिच्याशी बोला आणि तिला एकटीला घरी पाठवू नका.

आकडा सांगायचा कसा

“तुमची रिस्क २५० त एक आहे” असं म्हटल्यावर समोरची काय समजते ते एकदा विचारून बघा. खूप जणींना २५० त एक हे १०० त एकपेक्षा मोठं वाटतं, कारण २५० मोठा आकडा आहे. म्हणून खालचा आकडा नेहमी तोच ठेवा: हजारात ४, हजारात १०. आणि दोन्ही बाजू सांगा, तुमच्यासारख्या १००० जणींपैकी ४ जणींना हे होतं, ९९६ जणींना होत नाही. ‘दुप्पट धोका’ हा शब्द एकट्याने वापरू नका, हजारात १ चं २ झालं तरी दुप्पट आणि १०० चं २०० झालं तरी दुप्पटच. मग तिला विचारा, “घरी गेल्यावर तुम्ही हे कसं सांगाल?” तिच्या तोंडून ऐकलं की आपण काय समजावलं ते लगेच कळतं. एनआयपीटीसारखी (आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांतले दोष बघणारी) महागडी रक्ततपासणी असली तरी ती स्क्रीनिंगच, म्हणजे नुसती चाळणीच आहे, पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही, खात्रीची तपासणी झाल्याशिवाय गरोदरपण थांबवायचा निर्णय घ्यायला लावू नका.

आपलंच काम तपासा

महिन्यातून एकदा वीस फाईली काढा. त्यातल्या निम्म्या अशा बायकांच्या ज्यांना पुढे काहीतरी झालं, आणि निम्म्या सुरळीत गेलेल्या. प्रत्येकीत तीनच गोष्टी बघा: खूण आधी कुठे दिसली होती, ती कुणी लिहिली होती, आणि लिहिल्यावर पुढे काय केलं. आम्ही हे करायला लागलो तेव्हा कळलं की खुणा बहुतेक लिहिलेल्या असतात, पण ‘पुढे काय’ चा रकाना कोरा असतो. तेव्हापासून आमच्या कार्डावर हाय रिस्क एवढंच लिहायचं नाही असं ठरलं. कशासाठी हाय रिस्क, म्हणून काय करायचं, कोणी करायचं, कधीपर्यंत, हे चारही लिहायचे. ‘आधी प्रीएक्लॅम्प्शिया, ॲस्पिरिन सुरू, २० आठवड्यांनंतर दर दोन आठवड्यांनी बीपी, सिस्टर फोन करणार’ असं. एक ओळ लागते. फाईली बघताना कुणाची चूक शोधायला बसू नका, एकदा कुणाला सगळ्यांसमोर बोललं की पुढच्या महिन्यापासून आकडे छान दिसायला लागतात आणि खरं काही कळत नाही.

आणि बाळंतपण झालं की कार्ड बंद करू नका. बीपी सगळ्यात जास्त चढतं ते बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे नेमकं जेव्हा ती घरी गेलेली असते आणि सगळे बाळाकडे बघत असतात. झटके तेव्हाही येऊ शकतात, आधी बीपी नसलेल्या बाईलाही. डिस्चार्जच्या कागदावर बीपी तपासायची तारीख लिहा, पाचवा दिवस धरून, आणि डोकं दुखलं, डोळ्यापुढे काजवे आले, पोटात वरच्या बाजूला दुखलं, धाप लागली तर कुठल्या नंबरला फोन करायचा तो नंबर तिच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून द्या. मग एकदा रिंग देऊन बघा लागतो का.